डाग वरचा की ओरखडा आतला?

घरसंसार



सुगीचे दिवस आले की घरात जागेची ओढाताण सुरू होते. सोयाबीनची पोती ओसरीवरून माजघरात येतात, विदर्भात तर कापसाला एक अख्खी खोली द्यावी लागते. मग फ्रीज इकडून तिकडे सरकतो, कपडे धुण्याचे यंत्र मोरीच्या कडेला रेटले जाते. त्यातच दिवाळीची आवराआवर निघते. सगळे झाडून-पुसून झाले की नजर जाते ती फ्रीजच्या दारावर उमटलेल्या काळ्या रेघेवर, यंत्राच्या कोपऱ्याला लागलेल्या भिंतीच्या रंगावर आणि घरघंटीच्या खोक्याला खाली बसलेल्या चपलांच्या ठशांवर. पाहुणे दोन दिवसांवर आलेले असतात. अशा वेळी हात आपोआप जातो तो मोरीतल्या तारेच्या घासणीकडे आणि राखेच्या डब्याकडे.

तो हात तेवढा थांबवावा, एवढ्यासाठी आजचा हा लेख.

आपल्या हाताला भांडी घासायची सवय आहे. पितळेचा हंडा, लोखंडी तवा, स्टीलचे ताट ही भांडी आरपार एकाच धातूची असतात. घासले की वरचा मळका थर जातो आणि खाली तोच धातू चकचकीत निघतो. फ्रीज किंवा धुण्याचे यंत्र मात्र असे नसते. आत पातळ लोखंडी पत्रा आणि वर रंगाचा एकच थर, तोही साधारण वहीच्या कागदाएवढा, कधी त्याहूनही पातळ. त्या कागदाएवढ्या थरावर पत्र्याचा जीव अवलंबून असतो. चुलीच्या राखेत वाळूसारखे कठीण कण असतात. तारेची घासणी तर लोखंडाचीच. दोन्हींनी काळी रेघ निघते हे खरे, पण तिच्याबरोबर रंगही निघतो. पुढच्या पावसाळ्यात तिथे तांबूस ठिपका दिसतो, आणि गव्हावरचा तांबेरा जसा एका पानावर थांबत नाही तसा हा गंजही रंगाखालून सरकत राहतो.

म्हणून घासण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हा डाग वरून चिकटला आहे, की वस्तूचे काही निघून गेले आहे? चिकटलेले काढता येते. निघून गेलेले मात्र कितीही घासले तरी परत येत नाही. तिथे झाकण्याचाच उपाय करावा लागतो.

ओळखावे कसे

जागा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी आणि दाराच्या उजेडात तिरके पाहावे. मग नखाने डागावरून आडवी, हलकी रेघ ओढावी.

नख कुठेही न अडता सरकले, किंवा उलट डाग थोडा उंच लागला, तर तो वरचा डाग. चपलेचे रबर, खाटेच्या पायाचे प्लास्टिक, भिंतीचा चुना, दुसऱ्या वस्तूचा रंग असे काहीतरी घासले जाऊन तिथे चिकटलेले असते. हा डाग बहुधा पूर्ण निघतो.

नख किंचित अडते, पण खाली रंगच दिसतो, तर तो रंगापुरता ओरखडा. त्यावर ओले बोट फिरवले की तो दिसेनासा होतो आणि वाळला की पुन्हा दिसतो. हा थोडा बुजवता येतो, पण पुरता जात नाही.

नख खोल अडते आणि तळाशी काळपट, चकाकता किंवा तांबूस पत्रा दिसतो, तर तो तिसरा प्रकार. इथे घासायचे नाही. इथे झाकायचे. त्याची कृती पुढे दिली आहे.

पांढरे प्लास्टिक वर्षानुवर्षे उजेड आणि उष्णता खाऊन पिवळे पडते, तो डाग नव्हे. तो रंग प्लास्टिकच्या अंगातच मुरलेला असतो. घासून तो जाणार नाही, उलट चकाकी मात्र जाईल. त्याच्या मागे लागू नये.

हात लावण्याआधी

नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवावा. कित्येक घरांत बटण भलत्याच तारेवर बसवलेले असते, म्हणजे बटण बंद असले तरी यंत्रात वीज खेळत राहते. गॅसची शेगडी पुसायची तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा आणि शेगडी पूर्ण गार होऊ द्यावी. यंत्रावर पाणी ओतू नये. फडके पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्यावे.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पुसताना फ्रीजला किंवा धुण्याच्या यंत्राला ओला हात लागून झिणझिण्या आल्या, तर ‘जरा करंट येतो’ म्हणून सोडून देऊ नये. विशेषतः जिथे रंग उडून पत्रा उघडा पडला आहे तिथे हे आधी जाणवते, कारण रंगाचा पडदा तिथे उरलेला नसतो. पण मूळ दोष रंगाचा नसतो. आत कुठेतरी वीज गळत असते आणि तिला जमिनीत जायला अर्थिंगची वाट मिळत नसते. आपल्याकडे प्लगची तिसरी, जाड पिन तोडून तो दोन पिनांच्या भोकात खुपसायची वाईट खोड आहे. ती जाड पिन म्हणजेच अर्थिंगची वाट. झिणझिण्या आल्या की यंत्र बंद ठेवून वायरमनला बोलवावे. कोळसा-मीठ घातलेला जुना अर्थिंगचा खड्डा असेल, तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालावे. कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट काम देत नाही. अशा जागी रंग लावून मोकळे होणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

वरचा डाग काढण्याच्या पायऱ्या

नेहमी सर्वांत मऊ उपायापासून सुरुवात करावी. त्याने निघाले नाही तरच पुढची पायरी चढावी. कोणताही नवा उपाय आधी मागच्या किंवा खालच्या न दिसणाऱ्या जागी करून पाहावा.

पहिली पायरी साबणाच्या पाण्याची. वाटीभर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, किंवा रिठ्याचे पाणी घ्यावे. जुन्या धोतराचा, बनियनचा किंवा विरलेल्या सुती साडीचा मऊ तुकडा त्यात पिळून डागावर दोन मिनिटे नुसता ठेवावा आणि मग पुसावे. भिंतीचा चुना, धूळ आणि स्वयंपाकघरातला तेलकट थर यानेच निघतो. घाई करून जोर लावण्यापेक्षा भिजू देणे केव्हाही चांगले.

दुसरी पायरी पोरांच्या दप्तरातली. चपलेच्या रबराची काळी रेघ असेल तर पांढरे खोडरबर घेऊन हलके खोडावे. रबराला रबर चिकटून येते. खोडरबर आधी कोऱ्या कागदावर घासून स्वच्छ करून घ्यावे, नाहीतर पेन्सिलीची काजळी दारावर पसरते. रंगीत खोडरबर वापरू नये, त्याचा रंग लागतो.

तिसरी पायरी खाण्याच्या सोड्याची. दोन चमचे सोड्यात एक चमचा पाणी घालून घट्टसर लेप करावा. ओल्या फडक्यावर थोडा घेऊन डागावर बोटाच्या टोकाने, हलक्या हाताने फिरवावा. खाण्याचा सोडा राखेपेक्षा आणि वाळूपेक्षा पुष्कळ मऊ असतो, म्हणून तो डाग कातरतो पण रंगाला सहसा इजा करत नाही. नंतर स्वच्छ ओल्या फडक्याने दोनदा पुसावे, नाहीतर वाळल्यावर पांढरी भुकटी राहते. इथे धुण्याचा सोडा घेऊ नये. तो जहाल असतो. त्याने हात चरचरतात आणि अॅल्युमिनियमचा भाग काळा पडतो.

स्टिकर काढल्यावर उरलेला चिकटा ही आणखी एक तऱ्हा. त्यावर गरम पाण्यात पिळलेले फडके दहा मिनिटे धरावे. मग गोडे तेल किंवा खोबरेल दोन थेंब चोळून थोडा वेळ थांबावे आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने चिकटा लोटून काढावा. ब्लेड किंवा सुरी लावू नये. शेवटी साबणाच्या पाण्याने तेल पूर्ण काढून टाकावे. फ्रीजच्या दाराच्या रबरी पट्टीला तेल लागू देऊ नये, ती त्याने खराब होते. पट्टी ढिली पडली की दार घट्ट बसत नाही आणि विजेचे बिल वाढते.

पेनाची किंवा मार्करची शाई पत्र्याच्या दारावर असेल तर हाताला लावायच्या सॅनिटायझरचे दोन थेंब कापसावर घेऊन टिपावे. 2020 च्या कोरोनापासून ही बाटली घरोघर आली आहे. मात्र गॅस बंद असताना, चुलीपासून दूर आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवूनच हे करावे, कारण ते झटकन पेट घेते. पारदर्शक प्लास्टिकला ते लावू नये, त्याला तडे जाऊ शकतात.

बाजारात पांढरा ‘जादूचा स्पंज’ मिळतो. तो हाताला मऊ लागतो, पण घासताना बारीक पॉलिश पेपरसारखा चालतो. ज्या पृष्ठभागाला चकाकी नाही तिथे ठीक. चकचकीत दारावर त्याने धुरकट ठिगळ पडते. पांढऱ्या दंतमंजनाची पेस्टही अशीच. अगदी बारीक रेघेवर, शेवटचा उपाय म्हणूनच ती वापरावी.

हे मुळीच करू नये

थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश काढायचे पाणी प्लास्टिकला लावू नये. मिक्सरचे, यंत्राच्या वरच्या झाकणाचे आणि फ्रीजच्या आतल्या अस्तराचे प्लास्टिक त्याने विरघळते किंवा त्याला चिरा जातात. पेट्रोलच्या वाफेने स्वयंपाकघरात भडका उडायला तर एक ठिणगी पुरे. आणि संडास धुण्याचे अॅसिड व कपड्यांचे ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो छातीत भरतो. डागापायी कुणी रुग्णालयात जावे असा कोणताच डाग नसतो.

कोणत्या वस्तूला काय

फ्रीज. बऱ्याच नव्या फ्रीजच्या दोन्ही बाजूंचा पत्रा हाताला गरम लागतो, कारण उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या त्या पत्र्याच्या आतच असतात. म्हणून बाजूला खिळा मारणे, स्क्रू बसवणे किंवा टोकदार वस्तूने खरवडणे सक्त टाळावे. आतला बर्फही सुरीने खोदू नये. अलीकडच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आर-600ए नावाचा वायू असतो आणि तो पेट घेणारा आहे.

कपडे धुण्याचे यंत्र. भिंतीला टेकले असेल तर फिरताना थरथरून भिंतीचा रंग अंगाला लावून घेते. चार बोटे जागा सोडावी आणि चारही पाय सारखे टेकतात का ते पाहावे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात ते क्षारांचे. लिंबाच्या रसाचे किंवा व्हिनेगरचे फडके पाच मिनिटे ठेवले की ते सुटतात. नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडे करावे.

मिक्सर. हळदीचा पिवळा डाग हट्टी असतो. सोड्याचा हलका लेप लावावा आणि उरलेले सोडून द्यावे. मोटारीच्या हवेच्या जाळीत पाणी जाऊ देऊ नये.

घरघंटी. हिचे खोके बहुतेक सनमायका लावलेल्या लाकडाचे असते. त्याला ओले फडके चालते, पण कडेच्या फटीत पाणी मुरले की सनमायका सुटून वर येतो. म्हणून लगेच कोरडे पुसावे.

शेगडी. स्टीलच्या पत्र्यावर बारीक रेषा असतात, त्या रेषांच्या दिशेनेच पुसावे. आडवे घासले की ओरखडे उठून दिसतात. लोखंडी तारेचे बारीक कण स्टीलवर राहून गंजतात, आणि मग आपण म्हणतो स्टील खोटे निघाले. काचेची शेगडी गरम असताना तिच्यावर गार पाण्याचे फडके ठेवू नये.

लोखंडी कूलर. विदर्भ-खानदेशातल्या भगिनींनी इकडे विशेष लक्ष द्यावे. याचा पत्रा उन्हाळाभर ओला असतो, त्यामुळे रंगाचा एक टवका उडाला की गंज फार लवकर धरतो. दरवर्षी कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात. प्लग काढल्याशिवाय कूलरला ओला हात लावू नये, पाणीही भरू नये, आणि पोरांना जवळ येऊ देऊ नये. तीस मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे सुरक्षा यंत्र मिळते. कूलर वापरणाऱ्या घराने वायरमनकडून ते बसवून घ्यावे. फ्रीजवरचा डाग काढण्यापेक्षा हा खर्च आधीचा.

पत्रा उघडा पडला असेल तर

हे काम घरातल्या कारभाऱ्यावर किंवा थोरल्या मुलावर खुशाल सोपवावे. ट्रॉलीला, खिडकीच्या गजांना रंग द्यायला आणलेला रेड ऑक्साईड घरात उरलेला असतो, तोच इथे उपयोगी पडतो.

पावसाचा दिवस टाळावा. प्लग काढून जागा साबणाने पुसून पुरती वाळू द्यावी. बारीक पॉलिश पेपर, 220 नंबर किंवा त्याहून बारीक, पाण्यात भिजवून फक्त गंजलेल्या जागेपुरता घासावा. भोवतीचा चांगला रंग खरवडू नये. ओला करून घासण्याचे कारण असे की जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातले शिसे दहा लाखांत नव्वद भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्या देशात 2016 साली झाला, आणि घरातले जुने कपाट किंवा कूलर त्याच्याही आधीचे असते. कोरडी धूळ उडून लहान मुलांच्या पोटात जाता कामा नये. घासलेला गाळ फडक्याने टिपून फडके टाकून द्यावे.

जागा लगेच कोरडी करावी आणि तास-दोन तास उन्हाची ऊब असलेल्या हवेत राहू द्यावी. मग काडीला कापूस गुंडाळून रेड ऑक्साईडचा पातळ हात द्यावा आणि रात्रभर वाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी वस्तूच्या रंगाशी मिळता इनॅमल रंग दोन पातळ हातांत लावावा. एकच जाड हात दिला तर तो ओघळतो. टवका तांदळाच्या दाण्याएवढा असेल तर नेलपॉलिशचे दोन थेंबही भागवतात. रबरी पट्टी, वायर आणि हवेची जाळी यांना रंग लागू देऊ नये. रंगाचा वास पूर्ण गेल्यावरच यंत्र चालू करावे.

रंगाचे ठिगळ थोडे वेगळे दिसेल. दिसू द्यावे. ते पत्रा वाचवण्यासाठी आहे.

डाग पडूच नयेत म्हणून

फ्रीज सरकवायचा तर खाली जुनी गोधडी घालावी आणि दोघा-तिघांनी मिळून ती ओढावी. पोते घालू नये. तागाचा धागा खरखरीत, आणि त्यात माती असतेच. धान्याची पोती यंत्राला टेकवून रचू नयेत. खताची पोती तर त्या खोलीतच ठेवू नयेत. रासायनिक खत हवेतला ओलावा ओढते, त्याचा क्षार लोखंडावर बसतो आणि गंज झपाट्याने वाढतो. कोकणात खाऱ्या वाऱ्यानेही हेच होते. तिकडे पत्र्याच्या वस्तू आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरड्या केल्या तर वर्षे वाढतात. फ्रीजच्या मुठीला विळा, किल्ल्यांचा जुडगा, बाजाराची पिशवी अडकवू नये.

नवी वस्तू घरी येते तेव्हा हार आणि कुंकवाच्या घाईत एक गोष्ट राहून जाते. टेम्पोवाला दारात असतानाच खोके उघडून चारही बाजू उजेडात पाहाव्या. ओरखडा किंवा पोचा दिसला तर सही करण्याआधी पावतीवर तसे लिहावे, आणि हल्ली घरोघर मोबाईल आहे, त्यावर फोटो काढून ठेवावा. सही झाल्यावर दुकानदाराशी घातलेला वाद सहसा फळाला येत नाही.

थोडक्यात ध्यानात ठेवावे

प्लग काढावा. नखाने तपासावे. आधी साबण, मग खोडरबर, मग खाण्याचा सोडा. राख, तार आणि थिनर दूर. पत्रा दिसला की घासणे बंद आणि झाकणे सुरू. झिणझिण्या आल्या की वायरमन.

एवढे करूनही एखादी रेघ राहिलीच तर मनाला लावून घेऊ नये. उसाचे बिल येईपर्यंत वाट पाहून, चार हप्ते भरून घेतलेली वस्तू ती. माणसांनी भरलेल्या, राबत्या घरात तिला चार खुणा पडणारच. रेघ असलेला फ्रीज पंधरा वर्षे दूध गार ठेवील, आणि रेघ काढण्यापायी रंग गेलेला फ्रीज मात्र दोन पावसाळ्यांत खालून सडू लागेल.